कॉलरच्या आतल्या खुणा

जर्सींच्या कॉलरमधल्या खुणा कोणाच्या, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, हे फिटरला कळलं तो मंगळवार होता. बायको जाऊन एकोणीस दिवस झाले होते.

ती गेली हे त्याला तेव्हाच सांगितलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, मुलीने सांगितलं, शेजारणीने रडत रडत सांगितलं. त्याने मान हलवून सगळ्यांचं ऐकून घेतलं होतं. पण मंगळवारी दुपारी क्लबच्या सेक्रेटरीने पलंगावर अकरा जर्सी पसरल्या आणि म्हणाला, "काका, आता यातली कोणाची कोणती ते सांगा." आणि फिटर सवयीने स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, "अगं, जरा इकडे ये."

तेव्हा कळलं.

सेक्रेटरी म्हणजे विम्याच्या ऑफिसात काम करणारा, चाळिशीचा, सरळ माणूस. काय करावं ते न सुचून त्याने एक जर्सी उचलली, तिची घडी घातली, ती बिघडली, पुन्हा घातली.

"चहा टाकतो," फिटर म्हणाला.

"नको काका."

"टाकतो."

तो आत गेला, भांडं नळाखाली धरलं आणि भांडं भरून वाहायला लागलं तरी तसाच उभा राहिला. जन्मभर पाणीखात्यात फिटरचं काम केलेला माणूस, वाहता नळ त्याला सहन होत नसे. त्या दिवशी सेक्रेटरीने येऊन नळ बंद केला.

खरं तर हे काम चार महिन्यांपूर्वीच व्हायचं होतं. क्लबला पंच्याहत्तर वर्षं होणार होती. स्टँडखाली चुना आणि नेट ठेवायची एक खोली होती, ती रंगवून तिथे जुन्या वस्तू मांडायच्या असं ठरलं होतं. जर्सींची ट्रंक फिटरच्याच माळ्यावर होती. बायको म्हणाली होती, "अहो, काढा ती खाली. वही घेऊन बसा माझ्यासमोर, एकेक सांगते. अर्ध्या तासाचं काम."

फिटर म्हणाला होता, उद्या. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्यांचा पंप बिघडला. मग जावई आला. मग त्याची कंबर धरली. "तुमचा उद्या कुठल्या गावी राहतो हो?" ती म्हणायची. त्यानंतर तिलाच धाप लागायला लागली. हॉस्पिटलात दोन दिवस मिळाले, पण नाकाला नळी लावलेल्या माणसासमोर वही घेऊन कोण बसतं?

खुणांची गोष्ट अशी होती.

पन्नास वर्षांपूर्वी क्लबकडे जर्सींचा एकच जोड होता. हिरव्या जाड सुताच्या, पांढऱ्या कॉलरच्या, पाठीवर नंबर नसलेल्या अकरा जर्सी. मैदानातले दहा आणि एक राखीव. गोलकीपरचा स्वेटर त्याचा स्वतःचा, घरून विणून आणलेला. खेळाडू सगळे नोकरीधंद्याचे. शनिवारी अर्धा दिवस भरून निघायचे. लाकडाच्या वखारीची लॉरी मिळायची, तिच्यात भुशाची पोती टाकून त्यांवर बसायचं. रेफ्रीही त्याच लॉरीत. समोरच्या क्लबने एकदा त्यावर हरकत घेतली, तर रेफ्री म्हणाला, "मग मला चालत आणा." लांबचं गाव असेल तर पॅसेंजर गाडी. दोन बाकांच्या मधे जर्सींची ट्रंक ठेवायची आणि तिच्यावर पत्ते कुटायचे. मुक्काम पडला तर शाळेच्या वर्गात, बाकं जोडून झोपायचं. कपडे बदलायचे लॉरीच्या आडोशाला. परतीची गाडी पाच चाळीसची असली तर दुसरा हाफ पंचवीस मिनिटांचा. एका गावी बरोबरी चालू असताना कॉर्नर मिळाला आणि स्टेशनकडून शिट्टी ऐकू आली. कॉर्नर तसाच टाकून अकराच्या अकरा जण स्टेशनकडे पळत सुटले. तो कॉर्नर अजून घ्यायचा आहे, असं ते पुढे कितीतरी वर्षं म्हणत.

तर एका दौऱ्यावर एकाला नायटा झाला होता. नाव कशाला घ्या, तो आता नाही. त्याने तो लपवला. घामाच्या जर्सी एका ट्रंकेत, ज्याच्या हाताला जी येईल ती त्याच्या अंगात. पंधरा दिवसांत सगळी टीम खाजवायला लागली. सेंटर फॉरवर्ड तर चेंडू येईपर्यंत गोलपोस्टला पाठ घासत उभा असायचा. कप्तान भडकला. म्हणाला, यापुढे ज्याची जर्सी त्याच्या अंगात, आणि सगळ्या एकाच घरी उकळून धुतल्या जातील. ते घर फिटरचं ठरलं, कारण नळाचं पाणी दिवसभर त्याच्याच चाळीत यायचं. फिटरचं लग्न होऊन तेव्हा चार महिने झाले होते.

पहिले काही आठवडे शाईने नावं लिहिली, ती उकळण्यात जायची. अक्षरं शिवायची तर कॉलरच्या आत जागा नाही. मग तिने लाल दोऱ्याने, नखाएवढी, एकेकाला एकेक खूण काढून दिली. कंगवा. छत्री. शिडी. मासा. कात्री. गोगलगाय. खुर्ची. कुलूप. झाडाचं पान. नुसती तीन टिंबं. ज्याने त्याने आपली खूण बघून ठेवायची आणि ट्रंकेतून आपली उचलायची. दुसऱ्याच्या कॉलरमध्ये कोणी डोकावत नसे. गडबडही तेवढी असायची. त्यामुळे प्रत्येकाला आपलीच खूण माहीत होती, आणि सगळ्यांच्या फक्त तिला.

फिटरच्या जर्सीवर काहीच नव्हतं. कोरी ती त्याची.

सेक्रेटरीला रविवारी खोली उघडायची होती. प्रत्येक जर्सीखाली नावाचं कार्ड लावायचं होतं. तो दारात चप्पल घालता घालता म्हणाला, "तुम्हाला जमेल तसं करा काका. नाहीच जमलं तर अंदाजाने लावू."

"अंदाज कशाला? मी खेळलोय त्यांच्याबरोबर," फिटर म्हणाला.

रात्रभर... पण रात्रीचं जाऊ द्या. बुधवारी सकाळी त्याने वही उघडली आणि तासाभरात यादी केली. सोपं वाटलं. कंगवा कप्तानाचा, तो माणूस हाफ टाइमला लिंबाच्या फोडीआधी कंगवा मागायचा. छत्री पोस्टमनची, ते तर आंधळ्यालाही कळेल. शिडी तारखात्यातल्याची, तो खांबांवर चढायचा. कात्री सेंटर हाफची, कारण तो शिंपी. गोगलगाय राखीव खेळाडूची, कारण तो जड होता. खुर्ची कंपाउंडरची, तो दवाखान्यात दिवसभर काउंटरमागे बसायचा. उरलेली नावं उरलेल्या खुणांना जोडली. मासा ज्याला दिला त्याला मासा का, याचं कारण सापडलं नाही, पण एवढं चालतं म्हणून त्याने पुढे ढकललं.

सेक्रेटरीला यादी देऊन आला तेव्हा त्याला पहिल्यांदा जेवावंसं वाटलं. मुलीचा फोन आला.

"बाबा, जेवलात?"

"जेवतोय. जर्सींचं काम झालं."

"कसं काय? आईशिवाय?"

"डोकं चालवलं."

मुलगी म्हणाली, "आई त्या जर्सी वाळत घालताना एकटीच हसायची, आठवतं? मी विचारलं तर म्हणायची, तुला नाही कळायचं, आधी या माणसांना बघायला पाहिजे."

फिटरला आठवत नव्हतं. त्याने घास खाली ठेवला.

गुरुवारी तो कंपाउंडरकडे गेला. खोलीच्या उद्घाटनाचं बोलावणं द्यायचं हे निमित्त; खरं कारण म्हणजे घरात बसवत नव्हतं. कंपाउंडर औषधाच्या दुकानावर, जिना चढून दुसऱ्या मजल्यावर राहायचा. डोक्यावर एक केस नाही, भुवयाही विरळ. दार उघडून त्याने फिटरला आत घेतलं आणि एकदा त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "वहिनींनी आमची काय धुलाई केली रे! जर्सीही धुतल्या आणि आम्हालाही."

"तुझी खुर्ची होती ना?" फिटरने विचारलं.

"कसली खुर्ची?"

"खूण. कॉलरमधली."

"खुर्ची? छे! माझा कंगवा."

फिटर हसला. "कंगवा कप्तानाचा."

"अरे, माझी मान, माझी कॉलर, आणि तू मला सांगतोस? कंगवा माझा! तेव्हाच माझं टक्कल पडायला लागलं होतं. टोपी घालून खेळायचो मी, चेंडू डोक्यावर आला की टोपी गोलात आणि चेंडू बाहेर. पहिल्या दिवशी कॉलर उलटून बघितली आणि तुझ्या बायकोला म्हणालो, वहिनी, ही चेष्टा आहे का? तर त्या म्हणाल्या, भावजी, आशा सोडू नका."

फिटर उभाच होता. तो खिडकीपाशी गेला, परत आला, खुर्चीच्या पाठीला धरलं.

"म्हणजे ती उलटं करत होती," तो म्हणाला.

"काय उलटं?"

"ज्याच्याकडे जे नाही ते."

"असेल बुवा. आमच्यात कोणी कोणाला दाखवायचा नाही, कारण ज्याने त्याने आपली चेष्टा लपवलेली! तुझ्यावर काय काढलं होतं?"

"काही नाही. कोरी."

"का?"

"विचारलं नाही कधी."

कंपाउंडर म्हणाला, "धन्य आहेस. पण एक सांगू? त्या दोऱ्याच्या गाठी आतून मानेला टोचायच्या. घाम आला की आग व्हायची. सगळ्यांच्या मानेवर इथे लाल व्हायचं." त्याने स्वतःच्या मानेला हात लावला. "तुझ्या नाही झालं कधी."

फिटरने चहा घेतला नाही. जिना उतरताना त्याचा हात दोनदा मानेकडे गेला आणि दोन्ही वेळा त्याने तो खाली घेतला.

छापखाना मंडईमागच्या गल्लीत होता. तो तिथे धापा टाकत पोचला तर कार्डं छापून, कापून, रबर बँड लावून तयार. वरचंच कार्ड 'कप्तान'. त्याने गठ्ठा उचलला आणि तडक विम्याच्या ऑफिसात गेला. सेक्रेटरी कोणाला तरी हप्ते समजावत होता. फिटरने गठ्ठा त्याच्या टेबलावर ठेवला.

"हे चुकलंय."

"कोणतं?"

"सगळं."

समोरचा माणूस उठून बाजूला झाला. सेक्रेटरीने फिटरला बसवलं, पाणी दिलं. ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "काका, मी कप्तानसाहेबांच्या मुलाला सांगून बसलोय. तो रविवारी सहकुटुंब येतोय, जर्सीशेजारी उभा राहून फोटो काढणार आहे. शिंपीकाकांच्या मुलीलाही फोन केला मी. कात्रीची जर्सी तुमच्या वडिलांची म्हटलं, तर ती फोनवर रडली हो. आता मी काय सांगू? आणि खरं सांगा, कॉलर उलटून कोण बघणार आहे?"

"मी."

"तुम्ही सोडून?"

फिटरला चटकन बोलता येत नसे. त्याने शब्द गोळा केले. "ते तिच्या हातचं आहे. तिने एकेकाकडे बघून केलंय. त्याच्याखाली भलत्याचं नाव लावलं तर तिने ते केलंच नाही असं होईल. मी यादी दिली ती माझी चूक. पण ती टांगायची नाही."

सेक्रेटरीने कार्डांचा रबर बँड काढला, पुन्हा लावला. "शनिवारी संध्याकाळपर्यंत," तो म्हणाला. "जेवढी नक्की कळतील तेवढी द्या."

शुक्रवारी तो कप्तानाच्या घरी गेला. कप्तान जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याची बायको, म्हणजे वहिनी, गच्चीत गादीला ऊन दाखवत होत्या. त्यांनी त्याला गादीच्याच कडेला बसवलं.

"भावजी, ती जर्सी आमच्या घरी कधी आलीच नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्या तुमच्याकडेच नव्हत्या का धुवायला? आमच्याकडे यायचे ते चिखलाचे बूट. खिळे ठोकायला दिलेले, आणि मोज्यात खडे."

हीच तर पंचाईत होती. एकच घर धुणारं, म्हणून बाकी दहा घरांत काही पुरावा नाही. सोयीसाठी केलेली गोष्ट, आणि तिनेच कोंडी केली. फिटर उठला.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "एकदा तुमच्यावर चिडून आले होते. तुमच्यावर म्हणजे तिच्यावर. म्हणाले, मी सगळ्या लीगमध्ये वेगवान आणि त्या फिटरच्या बायकोने मला काय काढून दिलंय, तर गोगलगाय! मी म्हटलं, बदलून मागा. तर म्हणाले, नको, मागितली तर कळेल की मला लागलं."

फिटरला हसू आलं. आवाजासकट आलं. वहिनीही हसल्या आणि मग त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि फिटरला एकदम तिथून निघून जावंसं वाटलं. तो निघालाच. अर्ध्या रस्त्यात त्याला आठवलं की बोलावणं द्यायचं राहिलं. तो परत गेला, दारातूनच सांगितलं, पुन्हा निघाला.

दुपारी पोस्टमनला फोन लावला. तो आता मुलाकडे, दुसऱ्या गावी. ऐकू कमी, त्यामुळे बोलायचा ओरडून.

"खूण! कॉलरमधली खूण!" फिटरही ओरडला.

"मासा!"

"मासा का?"

"तुला माहीत नाही? लॉरी नदीत अडकली होती ना आपली! सगळे ढकलायला उतरले, मी टपावर चढून बसलो! म्हणालो, मला पोहता येत नाही! आणि पाणी गुडघ्याएवढं! तूच घरी जाऊन सांगितलंस तुझ्या बायकोला!"

"मी सांगितलं?"

"मग कोण सांगणार? ती काय लॉरीत होती?"

फोन ठेवल्यावर फिटर बराच वेळ खोलीत येरझाऱ्या घालत राहिला. म्हणजे तोच सांगायचा. शनिवारी, रविवारी मॅचवरून आला की ती पाणी उकळायला ठेवायची आणि तो बादलीशेजारी बसून सगळं सांगायचा, कोण कसा पडला, कोण काय बोलला. तिने त्यातलीच माणसं उचलून दोऱ्याने काढली होती. तिला कळलं ते त्याच्याचकडून कळलं होतं. मग त्याला का आठवू नये? त्याने डोळे मिटून पाहिलं. बादली आठवली. वाफ आठवली. तिचे साबणाने पांढरे झालेले हात आठवले. आपण काय बोलत होतो ते एक अक्षर आठवेना.

छत्रीसाठी त्याने टीममध्ये कोण पावसाला भ्यायचं ते आठवायचा प्रयत्न केला. शिडीसाठी कोण बुटका होता? दोघे होते. उलटंच करायची हे धरलं तर काही जमत होतं, काही नाही. तरी त्याने शुक्रवारी संध्याकाळी वहीत पेन्सिलीने पुन्हा नावं मांडली.

शनिवारी सकाळी ती यादीही गेली.

बोका म्हणजे त्यांचा गोलकीपर. सून त्याला व्हरांड्यात बसवून जुनी वर्तमानपत्रं घडी करायला देत असे, म्हणजे हात गुंतलेले राहतात. त्याने फिटरकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू अजून आहेस?"

"आहे."

"मग चेंडूत हवा भर. सायकलचा पंप त्या पोत्याखाली आहे."

"भरली," फिटर म्हणाला. "बोका, जर्सीच्या खुणा आठवतात का? लाल दोऱ्याच्या?"

"छत्री माझी."

"तुझा स्वेटर होता. तुझी जर्सी ट्रंकेत नसायची."

"नसायची?" बोक्याने एक वर्तमानपत्र उलट घडी केलं. "मग खुर्ची बाराव्याची."

"राखीव खेळाडूची? का?"

"का म्हणजे? तीन वर्षं ट्रंकेवर बसून होता तो! मी गोलात उभा, तो माझ्यामागे ट्रंकेवर बसलेला. आम्ही दोघेच गप्पा मारायचो, तुम्ही लांब पळत असायचात. त्यानेच दाखवली मला. म्हणाला, बघ, निदान बसायला तरी दिलंय वहिनींनी. एकदा सात मिनिटं खेळला. सात मिनिटांत पाय मुरगळून परत ट्रंकेवर."

इथे उलटं काही नव्हतं. बसून असायचा, म्हणून खुर्ची. म्हणजे तिचा काही नियमच नव्हता. ज्याच्याकडे बघून जे सुचलं ते तिने काढलं होतं, त्या दिवशी तिला हसू कशाचं आलं त्यावर सगळं होतं. फिटर अर्धा तास तिथे बसला, बोक्याबरोबर वर्तमानपत्रांच्या घड्या घातल्या आणि मग पुन्हा विचारलं, "खुर्ची कोणाची?"

"बाराव्याची. किती वेळा सांगू? बहिरा झालास का?"

"आणि छत्री?"

"माझी."

सून दारातून म्हणाली, "काका, त्यांचं फार मनावर घेऊ नका."

"निम्मं घेतो," फिटर म्हणाला.

संध्याकाळी त्याने सेक्रेटरीला पाच नावं दिली. कंपाउंडर, कप्तान, पोस्टमन, राखीव, आणि स्वतः. सहा कार्डं कोरी ठेवायला सांगितली. पेन्सिलीची यादी वहीतून फाडून टाकली, कारण ती जवळ राहिली तर आपणच उद्या तिच्यावर विश्वास ठेवू असं त्याला वाटलं.

रविवारी खोलीत रंगाचा वास होता. काचेच्या कपाटात वादीने बांधलेला चामड्याचा चेंडू, खिळ्यांचे बूट, लॉरीसमोर काढलेला फोटो. समोरच्या भिंतीवर अकरा जर्सी, कॉलर उलटून पिना लावलेल्या, म्हणजे खुणा दिसतील. ते सेक्रेटरीने स्वतःहून केलं होतं. कप्तानाचा मुलगा गोगलगायीसमोर आला, जरा घुटमळला, मग आईने कानात काही सांगितलं आणि तो मोठ्याने हसला. फोटो काढला. कंपाउंडरने आपल्या कंगव्यासमोर उभं राहून टकलावरून हात फिरवून दाखवला, लोक हसले.

शिंप्याची मुलगी उशिरा आली. पन्नाशीची बाई, बरोबर नवरा आणि दोन मोठ्या मुली. ती थेट कात्रीपाशी गेली. खाली कोरं कार्ड. तिने मागे वळून सेक्रेटरीकडे पाहिलं, सेक्रेटरीने फिटरकडे.

फिटर पुढे झाला. "तुला चुकीचं सांगितलं गेलं," तो म्हणाला. "चूक माझी. मी अंदाजाने लिहिलं होतं."

"पण बाबा शिंपी होते."

"हो."

"आणि ही कात्री आहे."

"हो. पण ती अशी सरळ काढायची नाही. कधी काढायची, कधी नाही. तुझ्या वडिलांची यातली कोणतीही असेल. छत्री, शिडी, कुलूप, पान, ही टिंबं. कात्रीही असेल."

"असू शकते ना? मग राहू द्या की तेच नाव. कोणाचं काय जाणार आहे, काका? माझ्याकडे बाबांचं मशीन पण राहिलं नाही."

कंपाउंडर मागून हळूच म्हणाला, "फिटर, हो म्हण ना रे." हो म्हणणं अगदी जिभेवर होतं. एका शब्दात ती बाई हसली असती आणि तोही घरी जाऊन बसू शकला असता.

"मला माहीत नाही," फिटर म्हणाला. "माहीत नाही ते मी लावणार नाही."

"तुमच्या बायकोला माहीत होतं?"

"तिला सगळं माहीत होतं."

"मग विचारायचं होतं ना तिला!"

"हो," तो म्हणाला. "ती सांगायला तयार होती. चार महिने. मी बसलो नाही."

बाईने त्याच्याकडे पाहिलं. रागाने बोलायला ती तोंड उघडत होती, ते तिने मिटलं. ती पुन्हा भिंतीकडे वळली आणि एकेका कॉलरसमोर थांबत, शेवटच्या कोऱ्या कॉलरपर्यंत गेली. तिथून परत फिरली आणि मुलींना घेऊन बाहेर पडली. दारात तिच्या नवऱ्याने फिटरला हात जोडले.

सोमवारी सकाळी फिटर नवीन वही घेऊन बसला. पहिल्या पानावर पाच नावं आणि पाच खुणा लिहिल्या. दुसऱ्या पानावर छत्री, शिडी, कात्री, कुलूप, पान, तीन टिंबं असं एकाखाली एक लिहिलं आणि समोर जागा सोडली. मग लॉरीत, गाडीत, शाळेच्या वर्गांत काय काय झालं ते आठवेल तसं तिसऱ्या पानापासून लिहायला घेतलं. बादलीशेजारी बसून तिला जे सांगितलं असेल, ते सगळं. दुपारपर्यंत चार पानं झाली. छत्रीचं काही निघालं नाही. तो उठला, खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा बसला.

तारखात्यातल्याचा भाऊ बंदराच्या गावी राहतो असं कंपाउंडरने कळवलं आहे. त्याच्याकडे अजून जायचं आहे. शिंप्याच्या मुलीला अजून काही सांगता आलेलं नाही. सहा जर्सींखालची कार्डं कोरी आहेत.